खान्देशात मेडिटेरेनियन बाग: आधी पावसाचं पाणी, मग सावली, झाडं सगळ्यात शेवटी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नवीन घर बांधलं की मागे थोडी मोकळी जागा उरते आणि तोपर्यंत मोबाईलमध्ये फोटो सेव्ह करून झालेले असतात, पांढऱ्या भिंती, खडीच्या वाटा, जांभळी लॅव्हेंडर, कोपऱ्यात ऑलिव्हचं झाड, मांडवाखाली जेवणाचं टेबल. लॉनला पाणी परवडत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलंय, त्यामुळे कमी पाण्याची म्हणून ही मेडिटेरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांसारखी बाग डोक्यात येते आणि ते बरोबरच आहे. आमच्या अमळनेरच्या घरामागे अशी बाग उभी आहे आणि आम्ही तिच्यात रोज बसतो, जेवतो. पण नर्सरीवाला, मिस्तरी, नेटवरचे व्हिडिओ असे सगळे वेगवेगळं सांगतात आणि नवीन माणूस पार गोंधळतो, म्हणून कामाच्या क्रमाने सगळं लिहून देतोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. स्पेन, इटली, ग्रीसकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, ऐन उकाड्यात. लॅव्हेंडर, रोझमेरी, थाइम ही झाडं कोरडं ऊन सोसतात, पण गरम हवा आणि मुळाशी साचलेलं पाणी हे दोन्ही एकत्र आलं की त्यांची मुळं सडतात, आणि आपली काळी माती जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं तेच करते. त्यामुळे खान्देशात अशी बाग मे महिन्यात नाही मरत, ती ऑगस्टमध्ये मरते. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीवरून आलंय.

१) काम कोणत्या महिन्यात काढायचं

बरेच लोक पहिला पाऊस पडला की उत्साहात सुरू करतात आणि मग ट्रॅक्टर चिखलात फसतो, मिस्तरी येत नाही, काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. क्रम असा ठेवा. पावसाळ्यात फक्त बघायचं, पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते. नोव्हेंबर ते मार्च खोदाई, भराव, फरशी, मांडव. एप्रिल-मेमध्ये जमीन तापू द्यायची आणि तण मारायचं. जूनअखेर-जुलैमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की आपल्याकडची झाडं लावायची. रोझमेरी-लॅव्हेंडरसारखी नाजूक मंडळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तिकडेही लोक शरद ऋतूतच लागवड करतात कारण पुढे त्यांचा पाऊस असतो, आपल्याला पुढे थंडी मिळते, तेवढी पुरते.

२) आधी काय काय जमवायचं

कागदपत्रं: प्लॉटचा मंजूर नकाशा, पाण्याची-ड्रेनेजची लाइन कुठून गेलीय त्याचा कच्चा का होईना नकाशा (घर बांधलेल्या प्लंबरकडून काढून घ्या, तो दुसऱ्या गावी गेला की मग कोणालाच माहीत नसतं), सोसायटी असेल तर लेखी परवानगी. पक्कं छत असलेलं शेड किंवा उंच कंपाउंड करणार असाल तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या. शहरी हद्दीत जुनं झाड तोडायचं असेल तर १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा लागू होतो, परवानगी लागते. मिस्तरी म्हणाला 'कोण बघतंय' तरी परवानगीशिवाय हात लावू नका, आणि खरं सांगायचं तर वाढलेला कडुनिंब मिळत असेल तर बागच त्याच्याभोवती बसवा.

सामान: मीटर टेप, फक्की (खुणा करायची चुन्याची पूड), दोरी-खुंट्या, पहार, टिकाव, फावडं, घमेली, धुम्मस (माती ठोकून दाबायला) आणि पाण्याची लेव्हल ट्यूब (दोन टोकांच्या पाण्यावरून उतार मोजायची नळी). लेव्हल ट्यूब सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची, नजरेने उतार काढणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

३) ऊन आणि पाणी कागदावर काढा

एक मोठा कागद घ्या, घर काढा, उत्तर दिशा काढा. मग सकाळी नऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळेला सावली कुठे पडते ते खुणा करून ठेवा. हे एकदा हिवाळ्यात आणि एकदा मेमध्ये करा कारण दोन्हीत खूप फरक आहे. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्याच पायाशी. युरोपात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, म्हणून तिकडची भिंतीलगतची सावली दुपारीसुद्धा कामाची असते, आपल्याकडे मेच्या दुपारी ती उरत नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला खूप खाली, ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा दक्षिणेकडची जागा मस्त उबदार.

यातून बसायची जागा ठरते. घराच्या पूर्वेला दुपारनंतर घराचीच सावली पडते, फुकट आणि पक्की. उन्हाळ्यात संध्याकाळी बसायचं असेल तर पूर्व बाजू, हिवाळ्यात दुपारी ऊन खायचं असेल तर दक्षिण बाजू. पश्चिमेला फरशी टाकून टेबल मांडू नका, मार्च ते जून तिथे रात्री नऊपर्यंत झळा मारतात.

पाण्यासाठी पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर जा. गच्चीचे पाइप कुठे पडतात, शेजारच्यांचं पाणी आपल्याकडे येतं का, डबकं कुठे होतं आणि दुसऱ्या दिवशी किती उरतं, सगळं कागदावर. आमच्या मिस्तरींनी जागेवर आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला तो हाच, 'भाऊ, पाऊसनं पानी कथा जाई ते पहिले सांगा.' (कथा म्हणजे कुठे.) हा प्रश्न न विचारणारा माणूस कितीही स्वस्तात काम करत असेल तरी त्याला देऊ नका.

४) मातीची परीक्षा घरच्या घरी

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग परत भरा आणि तासाभराने पाणी किती इंच उतरलं ते मोजा. तासाला एक इंचही उतरत नसेल तर सपाट जमिनीत मेडिटेरेनियन झाडं लावायचा विचार सोडा, वर उचललेल्या वाफ्यातच लावायची. तापी, गिरणा, बोरी, पांझरा यांच्या काठच्या काळ्या जमिनीत बहुतेकांना हाच निकाल मिळतो. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा मुरमाड टेकाडावर घर असेल तर तुम्ही नशीबवान आहात, अर्धा खर्च वाचला.

कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना जरूर द्या. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त असते, सामू (pH) आठच्या आसपास, आणि याची भीती बाळगू नका, ऑलिव्ह-लॅव्हेंडर-रोझमेरीला चुनखडीची माती चालते, तिकडचे डोंगर चुनखडीचेच आहेत. अडचण निचऱ्याची आहे. हा फरक नर्सरीत कोणी सांगत नाही आणि लोक उगाच कोकोपीट ओतत बसतात, जे पावसाळ्यात अजून पाणी धरून ठेवतं.

दुसरा सापळा म्हणजे काळ्या मातीत दोन-चार पाट्या वाळू मिसळणं. थोड्या वाळूने काळी माती मोकळी होत नाही, वाळल्यावर अजून कडक होते. मिसळण्याच्या भानगडीत न पडता वर भराव टाका, तो कसा ते पुढे.

५) पाण्याचा हिशोब

हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार स्क्वेअर फूट गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, त्यावर १०० मिमी पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेलं धरलं तरी साडेसात हजार लिटर हातात येतं. आता उलटा हिशोब, तेवढ्याच हजार स्क्वेअर फुटाच्या लॉनला मेमध्ये रोज ५ मिमी धरलं तर साडेचारशे लिटरच्या वर रोज लागतं. नळाला चार दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे शक्यच नाही आणि बोअरच्या पाण्यावर लॉन पोसणं मला पटत नाही, शेजारी शेतकऱ्याची केळी त्याच पाण्यावर उभी असते.

हिशोब झाला की बागेचे तीन भाग पाडा. घराजवळ, बसायच्या जागेभोवती थोडं पाणी लागणारी झाडं (लिंबू, जाई, कुंड्या), मधे महिन्यातून दोन-तीनदा पाणी लागणारी, आणि कुंपणाकडे मुळं धरल्यावर फक्त पावसावर जगणारी. अमेरिकेत डेन्व्हरच्या पाणी खात्याने १९८१ मध्ये कमी पाण्याच्या बागांसाठी जी पद्धत मांडली तिच्यातही सारख्या तहानेची झाडं एकत्र लावण्यावर भर आहे. एका ठिबकच्या लाइनवर जास्वंद आणि निवडुंग शेजारी शेजारी असतील तर दोघांपैकी एक मरणार हे नक्की.

६) निचरा आणि दगडी पाट

इथे पैसे वाचवू नका. बाकी सगळं नंतर बदलता येतं, निचरा नाही.

घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या, साठ फुटाला एक फूट तरी. वाफे जमिनीपासून दीड फूट वर उचला, कडेला काळ्या दगडाची किंवा विटांची बुटकी भिंत, भिंतीत खाली दर चार फुटांवर पाणी निघायला भोक. आत तळाला चार-पाच इंच मोठी खडी, वर दोन भाग मुरूम, एक भाग बारीक खडी किंवा कच (दगडाचा चुरा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. शेणखत यापेक्षा जास्त नको. भरपूर खत घातलं की रोझमेरी लुसलुशीत वाढते आणि पहिल्याच पावसात लोळते.

पाणी बाहेर न्यायला पीव्हीसी पाइप पुरून टाकता येतो पण मी उघडा दगडी पाट सुचवेन, नऊ इंच रुंद, सहा इंच खोल. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अलहंब्रा महालात असे पाट अंगणातून वाहतात आणि लोक जगभरातून ते बघायला जातात, आणि आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धतीच्या बंधाऱ्यांमधून पिढ्यानपिढ्या पाटानेच शेतं भिजली, पाणी वाटून घ्यायचे गावाचे नियम होते, पाणी सोडणारे पाटकरी होते. स्पेनमध्ये वालेन्सियाला पाटाच्या पाण्याचे तंटे सोडवणारं शेतकऱ्यांचं न्यायपीठ आजही दर गुरुवारी बसतं. दोन्ही कोरड्या मुलखांनी एकच उत्तर शोधलंय, मग ते आपल्या अंगणात डौलाने दिसू द्या ना, जमिनीत कशाला पुरायचं. शिवाय उघड्या पाटात पालापाचोळा अडकला तर दिसतो आणि हाताने काढता येतो, पुरलेला पाइप तुंबला की ऐन पावसात फरशी उखडावी लागते.

पाटाचं तोंड शोषखड्ड्यात किंवा टाकीत सोडा. शोषखड्डा घराच्या पायापासून किमान दहा-बारा फूट लांब, काळी माती फुगते आणि पायाला धक्का देते.

७) फरशी, वाटा, खडी

काळ्या मातीवर सरळ काँक्रीट टाकलं की दोन वर्षांत भेगा पडणार, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फरशी यायची तिथली काळी माती दीड फूट काढा, मुरूम भरा, सहा-सहा इंचाच्या थरात पाणी मारून धुम्मस करा, वर कच पसरून त्यावर फरशी मांडा, सांध्यात सिमेंट भरू नका. जमीन हलली तरी फरशी फुटत नाही, एखादी वर-खाली झाली तर उचलून परत बसवता येते.

खडी १०-१२ मिमीची घ्या आणि थर अडीच-तीन इंच. दोनशे स्क्वेअर फुटाला तीन इंच म्हणजे पन्नास घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). हा हिशोब स्वतः करून मगच खडीवाल्याला फोन लावा, नाहीतर गरजेच्या दुप्पट माल दारात येऊन पडतो. पांढरी संगमरवरी खडी फोटोत छान दिसते पण खान्देशी उन्हात डोळे उघडवत नाहीत, तपकिरी-करडी घ्या.

खडीखाली प्लास्टिक अजिबात नको. पाणी खाली जात नाही आणि मुळं गुदमरतात. तणासाठी दुसरा उपाय आहे. एप्रिलमध्ये जमीन भिजवून त्यावर पारदर्शक पातळ पॉलिथिन ताणून बसवा, कडा मातीने दाबा, महिना-दीड महिना तसंच राहू द्या, मग काढून टाका. आपल्या मेमध्ये खालची माती इतकी तापते की तणाचं बरंचसं बी मरतं. लव्हाळा मात्र याने जात नाही, त्याच्या गाठी खोल असतात, त्या खणूनच काढाव्या लागतात, आणि हराळीच्या मुळ्यासुद्धा. हे काम मजुराकडून करून घेताना स्वतः उभे राहा.

८) सावली

आपल्याला नुसता सुंदर दिसणारा मांडव पुरत नाही, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा सावली दाट हवी. लोखंडी चौकटीवर दोन इंच अंतराने पट्ट्या टाकलेला मांडव मे महिन्यात डोक्यावरचं ऊन थांबवत नाही, त्यावर वेल हवाच, आणि वेल वर चढेपर्यंत पहिली दोन वर्षं हिरवी नेट.

वेल कोणता? फोटोत द्राक्षाचा असतो. द्राक्ष आपल्याकडे येतं, नाशिक शेजारीच आहे, पण आपल्याकडे द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात, म्हणजे एप्रिलात नेमकी सावली हवी तेव्हा मांडव उघडा पडतो. हौसेला एका कोपऱ्यात लावा, मुख्य मांडवावर मधुमालती चढवा. जोमाने वाढते, संध्याकाळी वास सुटतो, उन्हाळ्यात पानं धरते. बोगनवेल अजून कमी पाण्यावर जगते पण काटे आहेत, त्यामुळे जेवायच्या जागेवर नको, कुंपणाला किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावा. तिला पाणी जास्त झालं की फुलं कमी आणि पानं जास्त.

मोठी सावली झाडाचीच. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळतो आणि एप्रिलपर्यंत नवी पालवी येते, म्हणजे मेमध्ये छत तयार. करंजही तसाच. दोन्ही भिंतीपासून पंधरा फुटांवर.

९) झाडं: रूप तिकडचं, जात जगेल ती

मेडिटेरेनियन बागेचं रूप कशामुळे येतं ते बघा. करडी-रुपेरी पानं, जांभळी फुलं, वासाची पानं, उभं सरळ एखादं झाड, कुंडीतलं लिंबू, आणि झाडांच्या मधे मोकळी खडी. हे सगळं आपल्याकडच्या झाडांतून उभं करता येतं.

निर्गुडी. माझं सगळ्यात आवडतं. खाली करडी पानं, निळी-जांभळी फुलं, बांधावर कोणी पाणी न घालता उभी असते, शेळी तोंड लावत नाही. हिची सख्खी चुलत बहीण भूमध्य समुद्राच्या काठावर जंगली वाढते आणि तिकडच्या बागांमध्ये मुद्दाम लावतात, मग आपण आपली का लावू नये? दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत गुडघ्यापर्यंत छाटा, झुडूप भरगच्च होतं. पश्चिमेच्या गरम वाऱ्याला आडोसा म्हणून पण हीच.

ल्युकोफायलम. टेक्सास-मेक्सिकोकडचं झुडूप, रुपेरी पानं आणि जांभळी फुलं, लांबून लॅव्हेंडरच वाटते. ऊन कितीही चालतं, पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून उचललेल्या वाफ्यात.

देवचाफा. हिवाळ्यात उघडा होतो तेव्हा फांद्यांचा आकार दिसतो, उन्हाळ्यात पानं-फुलं. पन्हाळीच्या खाली मात्र नको, खोड कुजतं.

डाळिंब आणि अंजीर तर तिकडच्या बागांतही असतात आणि आपल्याकडेही, दोन्ही बिनधास्त लावा. डाळिंबाला पावसाळ्यात तेल्या रोग (पानं-फळांवर तेलकट डाग) येऊ शकतो, घरच्या दोन झाडांची छाटणी करून हवा खेळती ठेवली तर बरंच निभतं. कुंपणाला मेंदी किंवा करवंद. मधल्या मोकळ्या जागेला सदाफुली, वाळ्याचे झुबके, कोरफड. वासासाठी सब्जा, कापूर तुळस, गवती चहा, ओव्याची पानं.

रोझमेरी कुंडीत लावा, मातीची कुंडी, भोक मोठं, आणि जूनमध्ये कुंडी पडवीत ओढून घ्या, सप्टेंबरअखेर परत बाहेर. लॅव्हेंडरला एका हिवाळ्याची पाहुणी समजा, ऑक्टोबरात आणायची, मार्चपर्यंत बघायची. जास्त जगली तर आनंद. ऑलिव्ह भारतात राजस्थानात सरकारी पातळीवर लावलाय, पण फुलं यायला त्याला हिवाळ्यात चांगली थंडी लागते, आपल्याकडे रुपेरी पानांसाठी एक झाड मुरमाच्या उंचवट्यावर लावा, फळाच्या आशेवर महागडी रोपं घेऊ नका.

आता धोक्याची झाडं. कण्हेर तिकडच्या रस्त्यांवरही असते आणि आपल्या हायवेवरही, पाण्याशिवाय फुलते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं, गाय, शेळी घरी असेल तर नको. लावलीच तर छाटलेल्या फांद्या चुलीत घालू नका, धूरसुद्धा वाईट. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तीही तशीच विषारी. घायपाताचे काटे लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतात, वाटेपासून पाच फूट आत लावा. घाणेरी फुलते छान पण पसरते आणि बाहेरच्या रानात जाते, आणू नका.

रोप लहान घ्या. पाच फुटी झाडापेक्षा दीड फुटाचं रोप मुळं लवकर धरतं आणि दोन-तीन वर्षांत मोठ्याला गाठतं. वनविभागाच्या रोपवाटिकेत निंब, करंज, निर्गुडी स्वस्तात मिळतात. दोन रोपांत पूर्ण वाढीचं अंतर सोडा, पहिल्या वर्षी बाग रिकामी दिसेल आणि घरातले सगळे बोलतील, बोलू द्या.

१०) ठिबक

जळगाव जिल्ह्यात राहून ठिबकचं सामान मिळालं नाही असं होत नाही, तालुक्याच्या गावीही दुकानं आहेत आणि बसवणारी पोरं शेतातलं काम करून तयार झालेली आहेत. लागतं काय तर स्क्रीन फिल्टर, १६ मिमीची लॅटरल (झाडांपर्यंत जाणारी नळी), तासाला ४ लिटरचे ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी), प्रत्येक भागाला वेगळा व्हॉल्व्ह, शेवटाला एंड कॅप.

गच्चीवरच्या टाकीवर चालवणार असाल तर दाबाचा विचार करा. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, एकमजली घराच्या टाकीला अर्धासुद्धा मिळत नाही. दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रिपर इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत, साधे घ्या, पाणी थोडं हळू येईल, वेळ वाढवा. बोअरचं पाणी जड असतं, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, म्हणून पंधरा दिवसांनी एंड कॅप काढून लाइन धुवा आणि बंद पडलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका. झाड वाढलं की ड्रिपर खोडापासून लांब सरकवायचा, खोडाशीच ठेवला तर मुळं तिथेच वर वर राहतात.

११) बसायची, जेवायची, भरताची जागा

तिकडचे लोक घराबाहेर जेवतात याचं कौतुक ऐकतो, पण उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारी आणि हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी करणारी माणसं आपणच आहोत. त्यामुळे बागेची ही बाजू तिकडून शिकायची गरज नाही, आपल्या सवयी बघून आखा.

टेबल-खुर्च्यांपेक्षा ओटा बांधा, दीड फूट उंच, दोन फूट रुंद, एल आकारात, वर कोटा फरशी. दहा-बारा माणसं सहज बसतात, खुर्च्या उन्हात फाटत नाहीत. ओट्यासमोर थोडी जागा फरशीशिवाय ठेवा, मुरूम दाबून वर शेणाने सारवलेली, रात्री ती फरशीपेक्षा लवकर थंड होते आणि खाट टाकायला बरी. दोन खाटा मांडतील एवढी मोजूनच ठेवा.

भरताचा कोपरा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, मांडवापासून किमान दहा फूट, खाली दगड किंवा विटा, बाजूला नळ आणि कट्टा. वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) किंवा तुरकाठ्यांवर भाजायची, पण पऱ्हाट्यांचा ढीग बागेत साठवू नका. त्यात गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि आसपासच्या कपाशीला त्रास होतो, शिवाय विंचू-साप येतात. लागतील तेवढ्याच आणायच्या. आणि कण्हेरीची काडी चुकूनही त्यात जाऊ नये, हे मुलांनाही सांगून ठेवा.

छोटं पाण्याचं कुंड हवं असेल तर जरूर करा, पक्षी येतात, पण गप्पी मासे सोडा, नाहीतर डेंग्यूचे डास. दिवे खाली पायाशी आणि पिवळे लावा, वर पांढरा मोठा दिवा लावला की जूनमध्ये ताटात किडे पडतात.

१२) पहिली दोन वर्षं

कमी पाण्याची बाग म्हणजे पहिल्या दिवसापासून कमी पाणी असं नाही, हा गैरसमज खूप रोपं मारतो. पहिला उन्हाळा वाफ्यातल्या रोपांना दोन-तीन दिवसांनी, जमिनीतल्यांना आठवड्याला, पण प्रत्येक वेळी भरपूर, पाणी फूटभर खाली गेलं पाहिजे. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वर राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात अंतर दुप्पट करा. जून लागला की ठिबक बंद, आणि पावसात आठ दिवस खंड पडला तर बोट खुपसून बघितल्याशिवाय सुरू करू नका, वरून कोरडी दिसणारी काळी माती खाली ओली असते.

जूनच्या आधी पाट आणि वाफ्यांची भोकं साफ. ऑगस्टमध्ये एखादं झाड पिवळं पडून मलूल दिसलं तर पाणी घालायला धावू नका, आधी खोडाजवळ उकरून बघा, चिखल आणि कुजका वास असेल तर बाजूने चर काढून पाण्याला वाट करून द्या, खडी खोडापासून दूर सारा. ऑक्टोबरात हलकी छाटणी, खडीचा कमी झालेला थर भरून घ्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात कुंपणाकडच्या भागाचा व्हॉल्व्ह मार्चमध्ये बंद करून ठेवा आणि निर्गुडी, मेंदी, करवंद काय करतात ते बघा. पानं थोडी गळतील, ते चालतं. फांदीची साल नखाने खरवडली आणि आत हिरवं दिसलं तर व्हॉल्व्ह बंदच राहू द्या. मधल्या भागाचं पाणी मात्र तिसऱ्या वर्षी पूर्ण तोडू नका, एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांतून एकदा द्या, डाळिंब-अंजिराला फळं धरली असतील तर आठवड्याला.